नाट्यछटेचा श्रोता

शालेय स्पर्धांत वक्तृत्व आणि नाट्यछटा यांना बहुधा एकच मापपट्टी लागते: पाठांतर, आवाज, हावभाव, शुद्ध उच्चार. परभणी जिल्ह्यात या शेवटच्या रकान्यात मुले मागे पडतात. माझा आक्षेप मापपट्टीला आहे.

वक्ता सभेशी बोलतो. नाट्यछटेतले पात्र सभेशी बोलतच नाही. त्याचा श्रोता रंगमंचावर, पण अदृश्य असतो. दिवाकरांनी १९११ मध्ये ब्राउनिंगच्या धर्तीवर हा प्रकार मराठीत आणला, तो रोजच्या बोलण्याच्या लयीवर. ते पुण्यात शिक्षक होते आणि त्यांची पात्रे भोवतालच्या घरांतलेच बोलणे बोलतात. मग जिंतूर-गंगाखेडच्या मुलाने पात्राच्या तोंडी आपली बोली घातली, तर ती अशुद्ध कशी? उलट त्याने त्या प्रकाराशी इमान राखले. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये ५२ पात्रे एकट्याने उभी केली, ती मराठवाडी बोलीच्या बळावर. नाट्यगृहांनी दाद दिलेल्या त्याच बोलीचे शाळेत गुण कापावेत, हे विपरीत आहे.

वक्तृत्वाला प्रमाण मराठीची अट असू द्या. नाट्यछटेत मात्र परीक्षकाने एकच पाहावे: समोर नसलेला तो दुसरा माणूस आपल्याला दिसला का?