गायतोंडे आणि योगायोग: चित्रात नेमकं काय ‘आपोआप’ झालं?

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: ‘गायतोंडे यांच्या चित्रप्रक्रियेत योगायोगाला मध्यवर्ती स्थान आहे.’ वाक्य मला फार आवडलं होतं. मॅडमनी त्याच्याखाली पेन्सिलनं रेघ मारली आणि समासात एकच शब्द लिहिला, ‘कशावरून?’ त्या एका शब्दानं माझे चार महिने खाल्ले. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर या चार महिन्यांचा तुम्हाला थोडा उपयोग होईल, म्हणून हे लिहितेय.

आधी थोडी ओळख. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म नागपूरचा, १९२४ सालचा. घराणं मूळ गोव्याचं, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये. १९६४ साली ते रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, पुढे दिल्लीत राहिले आणि २००१ साली गेले. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हटलेलं त्यांना पटत नसे. वस्तूचं रूप गाळून काढलेलं चित्र वेगळं आणि मुळात वस्तूपासून निघालेलंच नाही असं चित्र वेगळं, हा फरक त्यांना महत्त्वाचा वाटायचा.

आता प्रक्रिया बघा. साठच्या दशकापासून ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ ही त्यांची मुख्य हत्यारं झाली. तैलरंगाचे पातळ थर एकावर एक चढत जात. वर्तमानपत्राचे, मासिकाचे कागद फाडून किंवा कापून ओल्या रंगावर ठेवायचे, दाबायचे, उचलायचे. कागदाबरोबर थोडा रंग निघून येतो, थोडा मागे राहतो. रोलर कुठे सरकतो, कुठे अडखळतो. वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास व्हायचे. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा शीर्षकातच ‘प्रक्रिया’ हा शब्द होता.

एवढं वाचलं की ‘योगायोग’ हा शब्द आपोआप लेखणीवर येतो. माझ्याही आला. पण मॅडमचा प्रश्न घेऊन चित्राकडे पुन्हा गेल्यावर लक्षात आलं की या एका शब्दात मी तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या होत्या.

पहिली, खूण उमटण्याची. कागद उचलल्यावर रंग नेमका कुठे सुटेल, हे चित्रकार पूर्ण ठरवू शकत नाही. इथे योगायोग आहे, मान्य. पण कागद कुठे ठेवायचा, त्याचा आकार काय, रंग किती ओला असताना तो उचलायचा, हे हातानंच ठरतं.

दुसरी, खूण ठेवण्याची. उमटलेली खूण आवडली नाही तर खरवडता येते, नवीन थराखाली बुडवता येते. ती राहिली असेल, तर कुणीतरी ती राहू दिली आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत उशिरा कळली. गायतोंडे यांचे थर बरेचदा अर्धपारदर्शक असतात. खालची खूण पुसली जात नाही, धुक्यातून दिवा दिसावा तशी वर येत राहते. तैलरंग वाळायला वेळ घेतो, त्यामुळे मध्ये बघत बसायला वेळ मिळतो. आज जे अवचित घडलं, त्याच्याकडे पुरेसं बघून मग पुढचा थर चढतो. म्हणजे खुणेचा जन्म योगायोगानं झाला असेल, पण चित्रातली तिची जागा योगायोगानं ठरलेली नाही. संथपणाचं खरं काम हे आहे. गायतोंडे यांच्या शांत स्वभावाचा दाखला म्हणून तो सांगितला जातो, पण माझ्या मते तो अपघाताला निर्णयात बदलण्यासाठी लागणारा वेळ आहे.

आणि इथेच त्यांच्यावरच्या लेखनाबद्दल माझी तक्रार आहे. झेन, निसर्गदत्त महाराज, एकांत, मौन यांचे उल्लेख करून ‘चित्र त्यांच्या हातून घडत गेलं’ असं म्हणून आपण मोकळे होतो. ही ओढ त्यांना होतीच, ती खोटी नाही. पण ‘घडत गेलं’ म्हटलं की नकार दिसेनासे होतात. आपल्यासमोर येतं ते फक्त टिकलेलं. किती खुणा खरवडल्या, किती थरांखाली गेल्या, हे पूर्ण झालेलं चित्र सांगत नाही. पास झालेल्यांचेच पेपर वाचून परीक्षा सोपी होती म्हणण्यासारखं आहे हे. जर्मन चित्रकार गेरहार्ड रिश्टर यांच्यावरचा २०११ सालचा माहितीपट पाहा. मोठ्या पट्टीनं रंग ओढताना योगायोग भरपूर दिसतो, आणि त्याहून जास्त दिसतं ते थांबणं, बघणं आणि झालेलं काम मोडणं.

मग पुरावा आणायचा कुठून? मला एक वाट सापडली. १९८४ साली गायतोंडे यांना अपघात झाला आणि मोठे कॅनव्हास काही वर्षं थांबले. त्या काळात त्यांनी कागदावर शाईची छोटी कामं केली. तिथे रोलर नाही, थर नाहीत, कागद उचलणं नाही. तरीही लिपीसारख्या, न वाचता येणाऱ्या खुणा तिथे आहेत, आणि त्या कॅनव्हासवरच्या खुणांच्या भावंडांसारख्या वाटतात. हे साम्य खरोखर टिकलं, तर त्या आकारांचा उगम निव्वळ योगायोगात शोधता येणार नाही. यंत्रणा बदलली आणि आकार तेच राहिले, असं म्हणावं लागेल. अर्थात शाईही आपल्या मर्जीनं पसरते, त्यामुळे हा पुरावा निर्णायक नाही. पण तपासता येण्याजोगा आहे. माझ्या आधीच्या वाक्यात तेवढंही नव्हतं.

एक व्यावहारिक गोष्ट. मी सुरुवातीला सगळं स्क्रीनवर बघून लिहिलं होतं. स्क्रीनवर थर सपाट होतात, रंगाचा उंचवटा दिसत नाही, खरवडलेली जागा आणि रंगवलेली जागा सारखीच भासते. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आणि जहांगीर निकल्सन संग्रहात त्यांची कामं आहेत. चित्र भिंतीवर लावलंय का, हे आधी विचारून जा. समोरून बघा, मग बाजूनं तिरपं बघा.

माझं वाक्य आता असं आहे: ‘गायतोंडे यांच्या चित्रांत योगायोग खुणा पुरवतो, त्यांतल्या कुठल्या राहतील आणि किती दिसतील, हे थर ठरवतात.’ पहिल्याइतकं ते रुबाबदार नाही. पण आता कुणी ‘कशावरून?’ विचारलं, तर मला बोट ठेवायला जागा आहे.

तुमच्या मसुद्यातलं सर्वांत आवडतं वाक्य काढा. त्याच्या समासात तोच शब्द लिहून बघा.