बोलणारा रेडा आणि तहानलेले गाढव : मराठी साहित्यातील पशुमनाचा विचार
(‘सत्तांतर’ या कादंबरीच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

प्राण्यांना सहज प्रवृत्तीपलीकडे जाणीव असते काय, आणि असल्यास त्यांना स्वतःचे भान असते काय, हा प्रश्न सामान्यतः तत्त्वज्ञान व प्राणिशास्त्र या विद्याशाखांचा मानला जातो. परंतु प्राण्यांविषयी लिहिणारा प्रत्येक लेखक कळत-नकळत या प्रश्नाचे काही एक उत्तर देत असतो. वानर ‘रागावला’ किंवा गाय ‘हंबरून बोलावू लागली’ असे लिहिताच त्या प्राण्याला मन आहे हे गृहीत धरले जाते. हे गृहीत कशाच्या आधारावर उभे आहे, हे तपासणे समीक्षेचे काम आहे. प्रस्तुत लेखात व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘सत्तांतर’ (१९८२) या कादंबरीच्या संदर्भात ही तपासणी करावयाची आहे. या कादंबरीला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

मराठवाड्यातील वाचकाला हा विषय परका नाही. उमरी, कंधार, लोहा या परिसरात लाल कंधारी, तर लातूरकडे देवणी जातीचे गोधन शेतकऱ्याच्या घरचे मानले जाते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी करून बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देण्याची रीत आहे. आवतण ज्याला कळते त्यालाच द्यावयाचे असते. आपल्या बोलीत जनावराला ‘मुका जीव’ म्हणतात. या शब्दप्रयोगात वाचा नाकारलेली आहे, जीव नाकारलेला नाही. प्रश्न असा की, मुक्या जीवाचे मन वाचा असलेल्या माणसाने कोणत्या रीतीने मांडावे?

परंपरेतील दोन आदर्श

या प्रश्नाची दोन उत्तरे संतचरित्रांच्या परंपरेत सापडतात आणि दोन्हींचा संबंध पैठणशी आहे. पहिली कथा ज्ञानदेवांची. सर्वांभूती एकच आत्मा आहे, हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी रेड्याच्या मुखातून वेद वदविले. दुसरी कथा एकनाथांची. रामेश्वरासाठी नेलेले गंगाजल त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले.

दोन्ही कथांचा आशय भूतदयेचा व आत्मैक्याचा असला तरी पुराव्याची पद्धत भिन्न आहे. पहिल्या कथेत रेड्याचे चैतन्य मान्य होण्यासाठी त्याला माणसाच्या, तेही विद्वान माणसाच्या, भाषेत बोलावे लागते. दुसऱ्या कथेत गाढव काहीच बोलत नाही. त्याची तहान पाहणाऱ्याला त्याच्या देहावरून कळते आणि तेवढे पुरते. पशुमनाच्या साहित्यिक चित्रणाचे हेच दोन मार्ग आहेत. पंचतंत्राच्या धर्तीवरील नीतिकथा पहिल्या मार्गाने जातात. तेथे कोल्हा व सिंह हे माणसांचे मुखवटे असतात. दुसरा मार्ग निरीक्षणाचा आहे आणि तो अधिक अवघड आहे.

संकल्पनांची स्पष्टता

पुढे जाण्यापूर्वी तीन संज्ञा वेगळ्या करणे आवश्यक आहे. सहज प्रवृत्ती म्हणजे न शिकता येणारे वर्तन. जाणीव म्हणजे वेदना, भूक, भीती यांचा अनुभव. आणि आत्मभान म्हणजे ‘हा मी’ अशी स्वतःविषयीची ओळख. पहिली असली म्हणजे दुसरी नसते, असे नाही. मानवी माताही अपत्याला सहज प्रवृत्तीने जवळ घेते. म्हणून तिचे प्रेम यांत्रिक ठरत नाही.

देकार्तने सतराव्या शतकात प्राण्यांना यंत्रवत मानले. १८९४ मध्ये लॉइड मॉर्गन यांनी, खालच्या पातळीवरील क्षमतेने वर्तनाचा उलगडा होत असेल तर वरच्या पातळीची क्षमता गृहीत धरू नये, असा दंडक घातला. १९७० मध्ये गॉर्डन गॅलप यांनी चिंपांझींवर आरशाची कसोटी वापरली. अंगावरील खूण आरशात पाहून प्राणी स्वतःचे अंग चाचपतो काय, हे तीत तपासले जाते. पुढे आशियाई हत्ती (२००६) व मॅगपाय पक्षी (२००८) यांच्याबाबतही या कसोटीचे होकारार्थी निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कुत्रा मात्र आरशात स्वतःला ओळखत नाही. त्याचे जग प्रामुख्याने गंधाचे असल्याने ही कसोटी त्याच्यासाठी योग्य आहे काय, हा आक्षेप रास्त आहे. २०१२ च्या केंब्रिज घोषणापत्राने सस्तन प्राणी व पक्षी यांच्या ठायी जाणिवेला आधारभूत असलेली मज्जारचना असल्याचे मान्य केले. तात्पर्य, आज वाद जाणिवेच्या अस्तित्वाविषयी कमी आणि आत्मभानाच्या मर्यादेविषयी अधिक आहे.

वेड्या राघूचे शहाणपण

या संदर्भात महाराष्ट्रातील एक संशोधन विशेष उल्लेखनीय आहे, आणि ते एका महाविद्यालयातील अध्यापक व विद्यार्थ्यांच्या परिश्रमातून उभे राहिले, हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयातील मिलिंद वाटवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेडा राघू या पक्ष्यावर केलेले प्रयोग १९९९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये व २००२ मध्ये ‘ॲनिमल कॉग्निशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हा पक्षी मातीत बीळ करून घरटे करतो आणि संभाव्य शत्रू जवळ असताना घरट्यात शिरण्याचे टाळतो. शत्रूला घरटे दिसू शकेल अशी एक जागा आणि जवळपास तेवढ्याच अंतरावरची, पण घरटे न दिसणारी दुसरी जागा, असा भेद प्रयोगात केला गेला. दुसऱ्या प्रकारात पक्षी अधिक वेळा घरट्यात गेला. शत्रूची नजर घरट्यापासून वळलेली असतानाही तसेच आढळले.

म्हणजे ‘मला काय दिसते’ यापलीकडे ‘त्याला काय दिसते’ याचा हिशेब पक्षी ठेवतो. यावरून त्याला माणसासारखे आत्मभान आहे, असे सिद्ध होत नाही. मात्र ठरावीक चेतकाला ठरावीक प्रतिसाद, एवढ्याने हे वर्तन समजत नाही. या प्रयोगाची पद्धत एकनाथांच्या मार्गाची आहे. पक्ष्याला बोलावयास न लावता, त्याच्याच जगातील अडचणीतून त्याचे मन वाचले गेले.

‘सत्तांतर’चे वाचन

या कसोटीवर ‘सत्तांतर’ पाहता तिचे वेगळेपण स्पष्ट होते. वानरटोळीवरील वर्चस्वासाठी होणारा संघर्ष, जुन्या नराचे पदच्युत होणे, नव्या नराकडून पिलांची हत्या हा या कादंबरीचा विषय. तिचे शीर्षक राजकीय असल्यामुळे तिच्याकडे मानवी सत्तास्पर्धेची रूपककथा म्हणून पाहिले जाते. हे वाचन चुकीचे नाही, पण अपुरे आहे. रूपक म्हणताच वानर मुखवटे होतात आणि आपण पुन्हा बोलणाऱ्या रेड्याकडे जातो. वास्तविक कादंबरीचे बळ वानरांना वानर राहू देण्यात आहे. झाडे, पाणी, अंतर, आवाज, पवित्रा यांच्या वर्णनातून तेथे तणाव निर्माण होतो.

शिशुहत्येचा प्रसंग या दृष्टीने निर्णायक आहे. १९६० च्या दशकात धारवाड परिसरात युकिमारू सुगियामा यांनी वानरांतील शिशुहत्येची नोंद केली. अबू येथील अभ्यासावर आधारलेला सारा हर्डी यांचा ग्रंथ १९७७ मध्ये आला. पिलू गेल्यावर मादी लवकर प्रजननक्षम होते व नव्या नराला स्वतःची संतती लाभते, हे हर्डी यांचे स्पष्टीकरण. परंतु हे उत्क्रांतीने दिलेले कारण आहे. ते त्या नराच्या मनातील हेतू नव्हे. नराला वंशाचे गणित ठाऊक नसते. कारण व हेतू यांची गल्लत झाली की लेखक वानराला एकतर कारस्थानी राजपुरुष करतो किंवा भावशून्य यंत्र. माडगूळकरांच्या संयत कथनामुळे ही गल्लत बहुतांशी टळते. ‘सत्ता’ हा शब्द मात्र ती वाचकाच्या मनात पुन्हा आणतो, ही कादंबरीची एक मर्यादा मानावी लागेल.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. बहिणाबाई चौधरी यांची सुगरणीच्या खोप्यावरील कविता सर्वपरिचित आहे. तेथे खोपा विणणारी मादी आहे, तिचे विणणे वात्सल्याचे आहे. प्रत्यक्षात घरटे नर विणतो. पण या तपशिलाने कवितेचा मूळ मुद्दा खोटा पडत नाही. हात नसताना केवळ चोचीने साधलेल्या कौशल्याविषयीचा तिचा आदर रास्तच आहे. आफ्रिकेतील विणकर पक्ष्यांवरील कोलियास दांपत्याच्या अभ्यासात, लहान वयात विणण्याचा सराव न मिळालेले नर पुढे कमी कुशल ठरले. म्हणजे ज्याला आपण निव्वळ उपजत म्हणतो त्यातही शिकण्याचा अंश असतो. कवयित्रीची दाद शास्त्रीय तपशिलापुरती चुकली, पण दिशेने चुकली नाही.

प्रश्नाचे आजचे महत्त्व

हा विचार केवळ वर्गखोलीपुरता नाही. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू व बैलगाडा शर्यतींवर बंदी घालताना प्राण्यांच्या प्रतिष्ठेचा विचार केला. १८ मे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालाने महाराष्ट्रासह तीन राज्यांच्या कायदादुरुस्त्या वैध ठरविल्या. दोन्ही बाजूंनी बैलाच्या वतीने बोलले गेले. कोणी त्याला शर्यतीची हौस असल्याचे सांगितले, कोणी केवळ यातना सांगितल्या. मुक्या जीवाच्या तोंडी आपले म्हणणे घालण्याची सवय साहित्यात जशी आहे, तशीच सार्वजनिक जीवनातही आहे. दुष्काळात दावणीचा बैल बाजारात नेणारा शेतकरी त्याच्या डोळ्यांकडे पाहणे टाळतो, तेव्हा त्याला काही सिद्धांत मांडावयाचा नसतो. पण पाहणाऱ्याच्या पलीकडेही कोणी पाहणारा आहे, हे त्याने मान्य केलेले असते.

निष्कर्ष

प्राण्यांना जाणीव आहे असे मानण्यास आज पुरेसा आधार आहे. आत्मभानाबाबत प्रत्येक जातीगणिक वेगळा विचार करावा लागेल. साहित्यकृतीची कसोटी प्राणी किती माणसासारखा वाटतो ही नसावी. त्याच्या इंद्रियांच्या जगातून त्याचे वर्तन किती विश्वसनीय होते, ही असावी. या कसोटीवर ‘सत्तांतर’ मराठीतील महत्त्वाची कृती ठरते, आणि तिला केवळ राजकीय रूपक म्हणून शिकविणे म्हणजे तिच्यातील वानरांवर अन्याय करणे होय. पदवी वर्गात ही कादंबरी शिकविताना मराठी व प्राणिशास्त्र या दोन विभागांनी एकत्र बसून काही तासिका घ्याव्यात, ही सूचना या निमित्ताने करावीशी वाटते.