उतारवयातला वाहनयोग

वयस्कर नातेवाइकाला भेट काय द्यावी, ह्या प्रश्नाचं उत्तर आपल्या समाजानं फार पूर्वीच देऊन ठेवलं आहे. शाल, काठी, कानटोपी, शेकायची रबरी पिशवी आणि मोठ्या टायपातली ज्ञानेश्वरी. यादी जरा निरखून पाहा. तिच्यातली प्रत्येक वस्तू एकच गोष्ट सांगते : 'आता बसा.' साठी उलटली की माणसाला 'बसा' म्हणतात ते आदरानं. पंचाहत्तरी उलटली की 'बसा हो एका जागी' म्हणतात, आणि त्यात आदराचा अंश चहातल्या वेलदोड्याइतकाच उरलेला असतो.

माझे बारामतीचे मामा ह्या दुसऱ्या टप्प्यात दाखल होऊन दोन वर्षं झाली. पाटबंधारे खात्यात ते कालवा निरीक्षक होते. नीरा डाव्या कालव्याच्या भरावावरून आधी सायकलनं आणि मग स्कूटरनं त्यांची नोकरी झाली. कालव्यात पाणी सोडलं की ते शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत, म्हणजे टेलपर्यंत, पोचलं की नाही हे बघितल्याशिवाय त्यांना घास गिळत नसे. आणि ह्या कालव्याचं टेल इंदापूर तालुक्यात. निवृत्तीनंतर पाण्यानं त्यांना सोडलं, पण इंदापूरनं सोडलं नाही. दर गुरुवारी स्कूटर काढून ते थोरल्या बहिणीकडे, म्हणजे माझ्या मावशीकडे, जात. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, निमगाव केतकी अशी पन्नासएक किलोमीटरची वाट. तुकोबांची पालखीही ह्याच वाटेनं जाते. पालखी मुक्काम करत करत जाते. मामा चहा घेत घेत जात.

मग दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, गुडघ्यांनी असहकार पुकारला, आणि एका शनिवारी स्कूटरची किल्ली खुंटीवरून नाहीशी झाली. सरकारी कायदा तसा दयाळू आहे. पंचावन्नी गाठल्यावरही तो डॉक्टरचा दाखला घेऊन पाच-पाच वर्षं परवाना वाढवून देतो. घरच्या कायद्यात ही तरतूद नाही. तिथे मुलगा, सून आणि मामी अशा तिघांच्या खंडपीठानं निकाल दिला आणि अपिलाची सोय ठेवली नाही. "ज्या गावात दोन हजार बारापासून व्हेस्पा स्कूटरचा कारखाना आहे," मामा मला म्हणाले, "त्या गावात मला एक स्कूटर मिळू नये?"

ह्यावर तोडगा काढला तो नातवानं. तो इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे त्याच्याकडे संगणकही आहे आणि वेळही. "आजोबांना एखादा ड्रायव्हिंगचा गेम देऊ. रिलॅक्सिंग पाहिजे फक्त." तो फक्त कोणता, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी पुण्यात राहतो आणि पुण्याच्या माणसाला कशावरही मत असतं अशी बारामतीला समजूत आहे. तेव्हा पुढील समीक्षा अधिकृत समजावी. नव्या कवितेतला शांतरस मराठी समीक्षकाला शोधता येतो, तर मोटारीच्या खेळातला का येऊ नये?

पहिला खेळ 'फोर्झा होरायझन'. ह्याचा चौथा भाग २०१८ साली आला, तो ब्रिटनमध्ये घडतो. पाचवा २०२१ साली आला, तो मेक्सिकोत. निसर्गवर्णन अप्रतिम. पाऊस पडून गेल्यावर ओल्या डांबरावर आभाळ दिसतं, आणि हे सगळं ताशी दोनशे किलोमीटरनं मागे जातं. पण ह्या कलाकृतीचं नैतिक अधिष्ठान डळमळीत आहे. रस्ता सोडून कुणाच्याही शेतात घुसावं, कुंपण तोडावं, आणि वर त्याचे गुण मिळावेत! मामांच्या हातून अशीच एक गाडी शेतात गेली. गुण वाढले. मामा चाक सोडून मागे वळले. "हे रान कुणाचं?" नातू म्हणाला, "कुणाचंच नाही, आजोबा." कालवा निरीक्षकाला हे पटणं शक्य नव्हतं. कुणाचाच नाही असा बांध त्यांनी इंदापूर तालुक्यात एकही पाहिलेला नाही. बांधाला मालक नसला तर दोन असतात, आणि ते कोर्टात असतात.

ह्याच खेळात एक मागे फिरवायचं बटण आहे. धडक बसली की ते दाबायचं. काळ उलटा वाहतो आणि गाडी धडकेच्या आधीच्या क्षणावर उभी राहते. तरुणांना ही सोय फार आवडते. मामांना नाही आवडली. "पंचनामा नाही, भरपाई नाही, लाजही नाही. मग सांभाळून चालवायची कशाला?" ह्या एका वाक्यात वेगाच्या खेळांची समीक्षा पुरी झाली असं मला वाटतं. जिथे चुकीची किंमत नाही, तिथे काळजीलाही किंमत नाही. आणि मामांपाशी काळजीखेरीज दुसरं कौशल्य नाही.

शिवाय मामांना मळमळू लागलं. हा दोष मामांचा नव्हे. डोळे सांगतात की आपण धावतो आहोत आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो की आपण खुर्चीत आहोत. दोन खात्यांचे अहवाल जुळले नाहीत की पोटात जे होतं, ते मामांनी नोकरीतही अनुभवलेलं होतं.

ह्याच्या अगदी उलट टोकाला 'डेझर्ट बस' नावाचा खेळ आहे. १९९५ साली तयार झालेला. त्या वेळी तो बाजारात आला नाही, पण कीर्ती मोठी. अमेरिकेतल्या टूसॉन गावाहून लास व्हेगासपर्यंत बस न्यायची. ताशी ४५ मैलांच्या वर जाता येत नाही. अंतर तोडायला खरेखुरे आठ तास लागतात. रस्ता सरळ, वाळवंट सपाट, रहदारी नाही. पण बस किंचित उजवीकडे ओढते, म्हणून चाक सोडून चहाला जाता येत नाही. पोचलात की एक गुण. रस्ता सोडलात तर बस ओढून परत टूसॉनला, तीही तितक्याच वेळात. हिंसक खेळांवर बोंब मारणाऱ्यांची थट्टा म्हणून हा केला होता. २००७ पासून काही मंडळी तो दिवसचे दिवस खेळून मुलांच्या धर्मादाय कामासाठी देणग्या गोळा करतात, म्हणजे थट्टेचंही भलं झालं. मला वाटलं, ह्याहून शांत काय असणार? मी मामांना नुसतं वर्णन सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला : "उतारू किती?"

उतारू एकही नाही. बस रिकामी जाते.

"मग जाते कशाला?"

वाचकहो, इथे माझी समीक्षा थांबली आणि खरी सुरू झाली. 'रिलॅक्सिंग' ह्या शब्दाचा अर्थ आम्ही तरुण माणसं — मी एकोणपन्नास वर्षांचा आहे — 'काही करावं न लागणं' असा करतो, कारण आमच्यामागे कामं लागलेली असतात. मामांच्या मागे काहीच लागलेलं नाही. सकाळी पेपर, दुपारी गोळी, संध्याकाळी दुसरी गोळी. त्यांना आणखी विसावा देणं म्हणजे ओल्या रानाला पाणी सोडणं. त्यांना हवं होतं ते रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला वाट पाहणारं कुणीतरी.

ह्या कसोटीवर 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' बरा उतरला. हा २०१७चा, मोबाइलवर चालणारा. उतारू आहेत, आणि त्या देशात आपल्यासारखंच डाव्या बाजूनं हाकतात, ही मोठी सोय. हॉर्न असा सुरेल की बेलवाडीच्या रिंगणातले घोडेसुद्धा ठेका धरतील. हौशी मंडळींनी आपल्या एसटीचंही रंगरूप त्यात चढवलेलं आहे. पण सारा संसार तळहाताएवढ्या काचेवर. मामांची बोटं पाटाच्या दारांची चाकं फिरवून घडलेली. एका अंगठ्याखाली ब्रेक, हॉर्न आणि दिवा असे तिघेही येत. ब्रेकच्या जागी हॉर्न वाजला की उतारूंचं काय होतं हे मी पाहिलं आहे.

'फार्मिंग सिम्युलेटर' हा स्विस कंपनीचा, २००८ पासून चालत आलेला ग्रंथराज. २०१७ पासून ह्यात चक्क ऊस आला, आणि तोडल्यावर पुन्हा फुटतो, म्हणजे खोडवासुद्धा येतो. मामा खुलले. यंत्रानं ऊस तोडला, ट्रॉली भरली, काट्यावर नेऊन ओतली, आणि ओततानाच वरच्या कोपऱ्यात पैसे जमा होऊ लागले. मामा इतके हसले की मामी आतून धावत आल्या. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे कारखान्यानं चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात. ह्या आदेशाचं पुढे काय होतं, हे ऊसकरी घरात सांगावं लागत नाही. "हे परदेशी लेखक कल्पनाशक्तीचे राजे," मामांनी अभिप्राय दिला. खेळ थोर आहे. पण त्यात नांगरट, पेरणी, बँकेचं कर्ज, सगळंच येतं. बारामती-इंदापुरात हंगाम एकदा पुरतो.

शेवटी आला 'युरो ट्रक सिम्युलेटर २'. प्रागच्या एका कंपनीनं २०१२ साली काढलेला. वरकरणी ह्यात काहीच नाही. मालट्रक घ्यायचा, मागची गाडी जोडायची आणि एका गावाचा माल दुसऱ्या गावी पोचवायचा. आरंभी ट्रक आणि डिझेल मालकाचं. पुढे बँकेचं कर्ज काढून स्वतःचा घेता येतो. लाल दिवा तोडला की दंड. वेग वाढला की दंड. फार वेळ गाडी हाकली तर गाडीवान जांभया देतो आणि पडदा काळवंडतो; मग गाडी बाजूला लावून झोपावंच लागतं. माल उशिरा पोचला तर पैसे कापतात. तरुण समीक्षक ह्याला कंटाळवाणा म्हणतात. त्यांचं बरोबर आहे. हा खेळ नोकरीसारखा आहे. आणि ती गेलेल्या माणसाला तिच्याइतकं सुखाचं दुसरं काही नसतं.

मामांना पहिलंच काम एका इंग्रजी गावातलं घेऊन दिलं, कारण तिथेही डाव्या बाजूनं हाकतात. मुक्कामी पोचल्यावर खेळ विचारतो : गाडी उलटी घेऊन अवघड जागी लावता, की सोप्या जागी, की आम्हीच लावू? 'आम्हीच लावू' हे वाचून दाखवताच मामांच्या कपाळावर आठी पडली. घरात गेली दोन वर्षं ते हेच वाक्य ऐकत होते. त्यांनी अवघड जागा मागितली. जोडगाडी उलटी घेताना चाक उलट बाजूला फिरवावं लागतं. साखर कारखान्याच्या आवारात उसाच्या ट्रॉल्या बघत आयुष्य काढलेल्या माणसाला हे सांगावं लागलं नाही. चाळीस मिनिटं लागली. नातू मध्ये दोनदा जेवायला बोलावून गेला. गाडी लागली तेव्हा मामांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "पोचला माल." अगदी टेलला पाणी पोचल्याच्या आवाजात.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. टेबलाला आवळून बसवायचं चाक घ्यावं, आणि ते अडीच वळसे फिरणारं असावं. बटणांवर म्हातारी बोटं रमत नाहीत. गिअर आपोआप पडू द्यावेत. देखावा गाडीच्या मागून न दाखवता चालकाच्या जागेवरून ठेवावा, खोलीत दिवा असावा, आणि पहिले आठ दिवस वीस मिनिटांच्या वर बसू देऊ नये, मळमळ टळते. थकव्याचा आणि दंडाचा नियम बंद करायची सोय आहे. ती मामांना दाखवू नये. आम्ही दाखवली होती. ते म्हणाले, "दंड नसला तर पोलीस काय करतील बिचारे?" खेळातल्या रेडिओवर आपली गाणीही घालता येतात, रॉटरडॅमच्या बंदराबाहेर सध्या भीमसेनांचे अभंग चालू असतात.

दोष आहेत. नकाशा एकोणिसास एक ह्या प्रमाणात आवळलेला, म्हणजे बारामती-इंदापूर जेमतेम पावणेतीन किलोमीटर भरेल आणि सणसरला चहा सांगेपर्यंत इंदापूर येईल. चहाच मुळी नाही. हजार मैल गेलं तरी 'कुठलं गाव पाव्हणं?' असं कुणी विचारत नाही. माल घेणारा दिसत नाही, नुसते पैसे दिसतात. आणि सगळ्यात मोठा दोष म्हणजे युरोपच्या एवढ्या विस्तीर्ण नकाशात माझी मावशी कुठेही राहत नाही. तेव्हा हा खेळ आणून दिला की किल्लीचा हिशेब मिटला, असं कुणी समजू नये. आमच्याकडे ठरलं आहे : गुरुवारी नातवानं गाडी काढायची, मामांनी पुढच्या सीटवर बसायचं, आणि निमगाव केतकीपर्यंत 'ब्रेक, ब्रेक' म्हणण्याचा त्यांचा हक्क अबाधित राहायचा. नातवाला हे मुळीच रिलॅक्सिंग वाटत नाही. वाटायचं कारणही नाही.

बाकीचे दिवस ट्रकचे. परवा दुपारी चारला मी फोन केला. मामींनी घेतला. गेली दोन वर्षं मामी एकच वाक्य म्हणत : "घरातच आहेत, कुठं जाणार?" ह्या वेळी म्हणाल्या, "ते बाहेर गेलेत रे. पोलंडला. सहापर्यंत येतील."