मनकवडी कोणत्या भाषेत ऐकते?

‘लोका’ येऊन गेला आणि आमच्याकडच्या पोरांच्या डोक्यात सुपरहिरॉईन शिरली. डॉमिनिक अरुणच्या त्या २०२५च्या मल्याळी सिनेमाने कळ्ळियंकाट्टु नीली ही केरळातल्या दंतकथांची यक्षी उचलून थेट आजच्या बंगळूरला आणून बसवली. कल्याणी प्रियदर्शनने ती असल्या बिनधास्त थंडपणाने उभी केली, की सगळ्यांना वाटू लागले, हे तर आपल्यालाही जमेल. आमच्या जोयडा तालुक्यातल्या रामनगरच्या एका होतकरू चित्रकाराने परवा मला आपली वही दाखवली. नायिकेला आठ हात, मोकळे केस, मागे वाघ. शक्ती कोणती विचारले तर म्हणाला, “सर, ती मनकवडी आहे. सगळ्यांच्या मनातलं तिला ऐकू येतं.” पुढच्या पानावर ती जोयड्याच्या बाजारात उभी आणि भोवतालच्या माणसांच्या डोक्यांवर विचारांचे ढग. कुणबी बाई, धनगर गवळी, सिद्दी मजूर, हव्यक बागायतदार, वनखात्याचा गार्ड. पाचही ढगांत एकच भाषा: पाठ्यपुस्तकातली मराठी, तीही पुण्यात छापलेल्या पाठ्यपुस्तकातली.

वही मिटून परत दिली, पण चीड गेली नाही. ती त्याच्यावर नव्हती. तो हे ज्यांच्याकडून शिकला त्यांच्यावर होती.

मनकवड्या नायिकांचे घराणे तसे जुने. १९५८ साली कॉमिक्समध्ये आलेली ‘सॅटर्न गर्ल’ मला अजून आवडते. १९६३च्या एका अंकात ती सहकाऱ्यांची मने फिरवून पुढारीपणाची निवडणूक चक्क लुबाडते. कारण काय, तर त्यांच्यापैकी एकजण मरणार हे तिला कळलेले असते आणि ते मरण तिला स्वतःवर ओढून घ्यायचे असते. (मरतो दुसराच, ते सोडा.) मतदानातला घोटाळा इतक्या निर्मळ मनाने केलेला मी आमच्या ग्रामपंचायतीतही पाहिलेला नाही. मनकवडेपणाचा उपयोग काय आणि त्याची लबाडी काय, दोन्ही त्या भाबड्या गोष्टीत आहे.

मग जीन ग्रे. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३मध्ये ‘एक्स-मेन’च्या पहिल्याच अंकात तिला आणली, तेव्हा ती फक्त वस्तू लांबून हलवायची. मने वाचणे नंतर आले आणि ते का उशिरा आले याची सारवासारव ख्रिस क्लेअरमाँटने १९८१ साली केली. या सगळ्या परंपरेतली ती सर्वांत थोर गोष्ट आहे असे माझे मत आहे. लहानपणी जीनची मैत्रीण गाडीखाली सापडते आणि तिच्या मांडीवर प्राण सोडते. त्या क्षणी जीनचे मन पहिल्यांदा उघडते आणि मैत्रिणीचे मरण ती आतून अनुभवते. पोरगी खचते. आईबाप मनकवड्या प्रोफेसर झेव्हियरला बोलावतात आणि तो तिच्या मनाच्या त्या भागाला कुलूप घालतो. वय वाढेल तेव्हा काढू, म्हणून.

हे कुलूप पुढे कधी खऱ्या अर्थाने निघालेच नाही. १९८०च्या ‘डार्क फिनिक्स’मध्ये क्लेअरमाँट आणि जॉन बर्न यांनी तिला बेफाम शक्ती दिली. एक तारा ती गिळते आणि त्याच्या भोवतीचे अब्जावधी जीव मरतात. शेवटी तिची शक्ती काढून घ्यायची आणि तिला साधी बाई म्हणून घरी पाठवायचे, असा लेखकांचा बेत होता. संपादक जिम शूटर अडून बसला: एवढे जीव घेतले, तर सजा हवी. म्हणून १३७व्या अंकात ती मेली. वाचक आजवर या दोन शेवटांवर भांडतात. मला दोन्ही सारखेच वाटतात. एकात कुलूप, दुसऱ्यात चिता. बाईला दुसऱ्याचे मन ऐकू येऊ लागले की तिचे काय करायचे, याचे तिसरे उत्तर त्या खोलीत कोणाला सुचले नाही.

आपल्याकडे ते सुचलेले आहे. भाऊ ताटी लावून आत बसला, तेव्हा बाहेर उभी राहून त्याचे मन ओळखणारी आणि दार उघडायला लावणारी मुक्ताई आठवा. चांगदेवाचा कोरा कागद हाती आल्यावर, त्यावर एकही अक्षर नसताना, तो लिहिणारा किती पाण्यात आहे हे तिनेच सांगितले अशी कथा आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातल्या योग्याला मुंगीचे मनोगत कळते, आणि त्यासाठी त्याला कोणी डांबून ठेवत नाही. मराठीने मात्र सिनेमात मने वाचण्याची संधी आली तेव्हा काय केले? २००४च्या ‘अगं बाई अरेच्चा!’त केदार शिंदेंनी ती विद्या संजय नार्वेकरला दिली. बायकांच्या मनातले पुरुषाला ऐकू येते. सिनेमा हसवतो, मीही हसलो. पण मुक्ताईच्या भाषेत पहिला मनकवडा सुपरहिरो बाप्याच असावा, हे जरा अतीच झाले.

बाकीच्यांचे लवकर आटपतो. ‘एक्स-मेन’मधल्याच एमा फ्रॉस्टचा तोरा छान, पोशाख हास्यास्पद. इंग्रज सायलॉकला १९८९मध्ये जपानी बाईच्या शरीरात घातले, त्याबद्दल न बोललेलेच बरे. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधल्या इलेव्हनच्या नाकातून रक्त येते, एवढेच लक्षात राहते. २००६ आणि २०१९च्या सिनेमांनी जीन ग्रेचे फटाके केले: डोळे पेटतात, भिंती फुटतात, ऐकणे कुठेच नाही. ‘प्रियाज शक्ती’ या कॉमिकचा हेतू उत्तम, आणि पोस्टर म्हणून ते उत्तमच आहे. शेखर कपूरच्या कल्पनेतली ‘देवी’ म्हणजे कॅलेंडरच.

सिनेमाला हे जमत नाही याला कारण आहे. कॉमिक्सच्या पानावर विचारांचा ढग वाचकाला दिसतो, शेजारच्या पात्राला दिसत नाही. म्हणजे वाचक हा मुळातच मनकवडा असतो. सबंध पानावर त्याच्या जागी उभी राहू शकणारी एकच व्यक्ती, ती म्हणजे मनकवडी नायिका. तिला ढग दिसतात. एका अर्थी ती वाचणारी बाई आहे, आणि म्हणूनच लेखकांना तिची धास्ती वाटत असावी. अ‍ॅलन मूर आणि डेव्हिड लॉइड यांनी ‘व्ही फॉर व्हेंडेटा’त ढग काढूनच टाकले आणि पुढे बहुतेकांनी ती फॅशन उचलली. मूरला ते शोभले. पण मनकवडीच्या गोष्टीतून ढग काढणे म्हणजे कीर्तनातून टाळ काढणे.

आता मूळ दुखण्याकडे. क्लेअरमाँटच्या ‘एक्स-मेन’मधला नाइटक्रॉलर जर्मन. तो बोलताना दोनचार जर्मन शब्द पेरतो, कोलोसस रशियन शब्द पेरतो. पण त्यांच्या डोक्यावरचे ढग इंग्रजीत. जीन ग्रे त्यांची मने वाचते तीही इंग्रजीत. यावर एका अंकाने उत्तर देऊन ठेवले आहे, आणि ते उत्तर मी तेव्हा गंमत म्हणून वाचले होते. १९७५च्या ‘जायंट-साइझ एक्स-मेन’मध्ये झेव्हियर देशोदेशींची माणसे गोळा करतो आणि मनोबलाने त्यांच्या डोक्यांत तडकाफडकी इंग्रजी भरतो. एका चौकटीत काम फत्ते. जगातल्या सर्वांत थोर मनकवड्याने माणसांना एकत्र आणताना पहिली गोष्ट केली ती ही. ऐकण्याआधी त्याने त्यांची भाषा बदलली.

जोयड्यात राहणाऱ्याला ही चौकट गंमत म्हणून वाचता येत नाही. हा तालुका पूर्वी सुपा म्हणून ओळखला जायचा. काळी नदीवर धरण झाले आणि सुपा गाव पाण्याखाली गेले. उठलेली माणसे रामनगरला वसली. १९५६पर्यंत उत्तर कन्नड जिल्हा मुंबई राज्यात, मग म्हैसुरात. कुणब्याच्या घरात कोंकणी, गवळ्याच्या वाड्यावर मराठीची एक बोली, सिद्द्यांची कोंकणी त्यांची स्वतःची, हव्यकांची कन्नड शिरसीच्या वळणाची, कचेरीत सरकारी कन्नड, भजनाला अभंग. एकच माणूस बैलाशी एका भाषेत बोलतो, तलाठ्याशी दुसऱ्या, देवाशी तिसऱ्या. बुडालेल्या घराची आठवण तो कोणत्या भाषेत काढतो? अशा बाजारात उभ्या राहिलेल्या मनकवडीला आधी कान लागतील. आठ हात नंतर बघू.

यावर हमखास येणारा आक्षेप: विचाराला भाषा नसते, तो भाषेच्या आधीचा असतो. असेल. मग ढगात अक्षरे कशाला लिहिता, रंग भरा. अक्षरे लिहिलीत की तुम्ही भाषा निवडलीत, आणि निवडलीत की कोणाची तरी पुसलीत. दुसरा आक्षेप विक्रीचा: चार भाषांचे कॉमिक कोण घेणार? जे तालुक्याच्या स्टँडवर उभे राहून चार भाषा रोज ऐकतात ते घेतील. न घेतल्यास एकभाषी कॉमिक तरी कुठे खपते आहे?

हे सारे मी त्या मुलाला सुनावले. त्याने ऐकून घेतले आणि पंधरा दिवसांनी नवे पान आणले. नायिकेचे सहा हात गेले होते, वाघ राहिला होता. कुणबी बाईच्या डोक्यावरचा ढग रिकामा. म्हणाला, “सर, कोंकणी लिहिणार. पण लिपी कुठली? गोव्यात देवनागरी, आमच्याकडे कन्नड.” मी म्हटले, दोन्ही लिही, एकाखाली एक. तो म्हणाला, ढगात मावणार नाही. मी म्हटले, मग ढग मोठा काढ.