फाडलेल्या पानांची रोजनिशी

रोजनिशी लिहावयास प्रारंभ करणे सोपे असते. ती चालू ठेवणे कठीण. जानेवारीत वहीची पाने भरभरून लिहिली जातात, पुढे नोंदी त्रोटक होतात आणि उपवासकाळ येईतो पाने कोरी राहू लागतात, हा अनुभव पुष्कळांच्या परिचयाचा आहे. वेळ मिळत नाही, असे आपण म्हणतो. परंतु त्या सबबीच्या आड बहुधा दोन प्रश्न दडलेले असतात. हे कोणासाठी लिहायचे? आणि माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखे आहे तरी काय? या प्रश्नांशी अत्यंत प्रामाणिकपणे झुंजलेली एक साहित्यकृती म्हणून जॉर्ज बेर्नानोस (१८८८-१९४८) या फ्रेंच लेखकाच्या 'एका खेड्यातील धर्मगुरूची रोजनिशी' या कादंबरीकडे पाहावे, असे सुचविण्याचा या लेखाचा हेतू आहे.

ही कादंबरी १९३६ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी तिला फ्रेंच अकादमीचा कादंबरीसाठीचा मोठा पुरस्कार लाभला. पामेला मॉरिस यांनी केलेल्या १९३७ च्या इंग्रजी अनुवादातून ती जगभर पोहोचली आणि १९५१ साली रोबेर ब्रेसों यांनी तिच्यावर चित्रपट काढला. पावित्र्याची आणि याजकीय जीवनातील दुःखाची कथा म्हणून ती आजवर वाचली गेली आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र ही सगळी कथा वह्यांतून लिहिली जात आहे आणि लिहिणाऱ्याचे मन वारंवार त्या वह्यांवरून उडत आहे, या गोष्टीकडे पुरेसे लक्ष जात नाही.

उत्तर फ्रान्समधील आर्त्वा परगण्यात आंब्रिकूर नावाचे खेडे आहे. तेथे एक तरुण धर्मगुरू येतो. हा त्याचा पहिलाच धर्मग्राम. त्याचे नाव आपल्याला अखेरपर्यंत कळत नाही. पोटाच्या दुखण्याने तो बेजार असतो. साखर घातलेला द्राक्षारस आणि पाव याखेरीज त्याला फारसे काही सोसत नाही, आणि त्यावरून गावात तो दारुडा असल्याची कुजबूज सुरू होते. धर्मग्रामाला कंटाळ्याने पोखरले आहे, हे त्याचे पहिले निदान. शेजारच्या तोर्सी गावचे वयस्कर, खणखणीत धर्मगुरू त्याला धीर देतात. परंतु रात्री तो एकटा असतो, आणि मग शाळकरी मुलांच्या वह्यांत लिहीत बसतो.

त्याने लिहायला का घ्यावे? रोजनिशी म्हणजे परमेश्वराशी चाललेला संवाद होईल, दुखण्यामुळे जी प्रार्थना नीट साधत नाही तिलाच ती पुढे नेईल, अशी त्याची कल्पना असते. बारा महिने लिहावे आणि मग सारे अग्नीच्या स्वाधीन करावे, असा त्याचा संकल्प आहे. पण थोड्याच दिवसांत त्याच्या ध्यानी येते की, वहीत देवापेक्षा त्याच्या बारीकसारीक विवंचनाच अधिक जागा अडवीत आहेत. आपण ज्या काळज्या सोडून दिल्या असे समजत होतो, त्या कागदावर मोठ्या होऊन उभ्या राहतात. येथे त्याचा उत्साह मावळू लागतो. वाचक नाहीत याचे त्याला दुःख नाही, कारण वाचक त्याला नकोच आहेत. त्याला नकोसा झाला आहे तो वहीत दिसणारा स्वतःचा चेहरा.

बेर्नानोस यांची कलादृष्टी येथे विशेष जाणवते. कादंबरीत मधूनच नोंद येते की, येथील पाने फाडली आहेत, येथील शब्द खोडले आहेत. वाचकाचे बोट जणू त्या फाटक्या कडेवरून फिरते. एके ठिकाणी धर्मगुरू सांगतो की, वही नष्ट करायचे ठरवले होते. नंतर विचार करून निरुपयोगी वाटलेला भाग तेवढा काढून टाकला. आणि तो भाग मनाशी इतक्यांदा घोळवला आहे की, आता तो पाठच झाला आहे. या एका कबुलीत लेखनविन्मुख होण्याचे सारे मानसशास्त्र सामावले आहे. पान फाडल्याने मजकूर संपत नाही. तो वहीतून निघून मनात जाऊन बसतो, आणि तेथे त्याला दुसऱ्या कोणाचा उजेड लागत नाही.

ही रोजनिशी पुन्हा जिवंत केव्हा होते, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. कादंबरीच्या मध्यभागी काउंटेसचा प्रसंग आहे. तान्हा मुलगा गमावल्यापासून या स्त्रीचे हृदय दगड झाले आहे. बाह्य धर्माचरण चालू आहे, पण देवाशी अबोला आहे. धर्मगुरू तिच्याशी बोलू लागतो. स्वतःचे दुखणे, भित्रेपणा, अवघडलेपण सारे विसरून तो तिच्या दुःखात उतरतो. अखेरीस तिचे मन निवते. मुलाच्या केसांची बट असलेले पदक ती भावनेच्या भरात चुलाण्यात फेकते आणि तो तत्क्षणी हात निखाऱ्यांत घालून ते बाहेर काढतो. त्याच रात्री काउंटेस मृत्यू पावते. मरण्यापूर्वी तिने लिहिलेले शांतीचे पत्र त्याच्या हाती येते.

हा प्रसंग वहीत उतरतो तेव्हा लेखणी कोठेही अडखळत नाही. जो माणूस स्वतःच्या वह्या जाळण्याचा संकल्प करून बसला आहे, तोच दुसऱ्याची आठवण वाचविण्यासाठी हात भाजून घेतो, हा विरोध मला या कादंबरीचा गाभा वाटतो. स्वतःकडे पाहात बसला की त्याला लिहिणे व्यर्थ वाटते; दुसऱ्याकडे पाहू लागला की लिहिण्याला विषय मिळतो, वेग मिळतो, भाषाही मिळते. स्वतःच्या मनाची विहीर उपसून प्रेरणा मिळत नाही. ती दुसऱ्याच्या गरजेतून येते.

कादंबरीत दोष नाहीत असे नाही. तोर्सीच्या धर्मगुरूंची लांबलचक भाषणे पानेच्या पाने चालतात. आजारी माणसाने रात्री बसून एवढे संवाद शब्दशः आठवून लिहिले असतील, यावर विश्वास ठेवणे जड जाते. अशा वेळी रोजनिशीचे रूप गळून पडते आणि धर्मगुरूच्या जागी थेट बेर्नानोसच बोलू लागतात. ब्रेसों यांनी चित्रपटात ही भाषणे पुष्कळ छाटली आणि वही, टाक व लिहिणारा हात वारंवार पडद्यावर आणला. त्यामुळे लिहिण्याची क्रिया मूळ ग्रंथापेक्षाही तेथे अधिक ठसते.

स्वतः लेखकाची कहाणीही या विषयाला पूरक आहे. १९३३ साली मोटारसायकलच्या अपघाताने बेर्नानोस कायमचे अधू झाले. सहा मुलांचा संसार आणि पैशाची सतत ओढाताण. १९३४ मध्ये स्वस्ताईच्या शोधात ते कुटुंबासह स्पेनच्या मायोर्का बेटावर गेले. प्रकाशक पाठविलेल्या पानांच्या हिशेबाने पैसे देत असे, आणि त्या पानांवर घर चालत असे. 'मस्यू विन' ही १९३१ साली हाती घेतलेली कादंबरी रखडली होती. ती ब्राझीलमध्ये १९४० साली पूर्ण झाली आणि १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या रखडलेल्या लेखनाच्या सावलीतच ही रोजनिशी लिहिली गेली. प्रेरणेची वाट पाहण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती. घरातील तोंडे हीच त्यांची प्रेरणा होती, आणि त्यामुळे कलाकृती उणी झाली असे कोणी म्हणणार नाही.

शेवटी धर्मगुरू लील शहरी जातो. तेथे त्याला जठराचा कर्करोग असल्याचे कळते. याजकपद सोडून गेलेल्या द्युफ्रेती या जुन्या सोबत्याच्या घरी तो आसरा घेतो. अखेरच्या नोंदींत एक विलक्षण निवळलेपण आहे. स्वतःचा तिटकारा करणे वाटते त्याहून सोपे आहे. ख्रिस्ताच्या कोणत्याही पीडित अवयवावर करावे तसे नम्रपणे स्वतःवरही प्रेम करणे हीच कृपा, अशा अर्थाचा विचार तेथे येतो. वही जाळण्याच्या इच्छेला दिलेले हे उत्तरच आहे. ज्याला तो नम्रता समजत होता, तिच्यात अभिमानाचा अंश होता.

त्यानंतर रोजनिशी थांबते. पुढचे आपल्याला द्युफ्रेतीच्या औपचारिक, काहीशा अवघडलेल्या पत्रातून कळते. स्थानिक धर्मगुरू वेळेवर पोहोचत नाहीत. मरणोन्मुख मित्र याच सोबत्याकडे पापमुक्ती मागतो. आणि त्याचे अखेरचे उद्गार कृपेविषयीचे आहेत, ज्यांत लिझ्यूच्या संत तेरेझाच्या शेवटच्या दिवसांतील बोलण्याचा प्रतिध्वनी ऐकू येतो. वह्या जळत नाहीत. लेखणी एका हातातून दुसऱ्या, कमी योग्य वाटणाऱ्या हातात जाते आणि साक्ष पुरी होते.

लेखन थांबण्याचेही दोन प्रकार असतात, हे या शेवटावरून समजते. सांगायचे ते सांगून झाले म्हणून थांबणे वेगळे, आणि स्वतःचा वीट आला म्हणून पाने फाडणे वेगळे. आपल्या धर्मग्रामांतून कितीतरी माणसे लिहू लागतात. कोणी आजीकडून ऐकलेल्या हकिकती टिपून ठेवतो, कोणी शेतीवाडीच्या आणि सणवारांच्या नोंदी करतो. मग 'आपल्या लिहिण्यात काय आहे' असे म्हणून वही माळ्यावर जाते. हे म्हणणे नम्रतेचे वाटते, परंतु तपासून घेण्याजोगे असते. आंब्रिकूरच्या त्या अनाम धर्मगुरूलाही आपल्या लिहिण्यात काही नाही असेच वाटत होते. वहीतून स्वतःला थोडे बाजूला सारून शेजारचे माणूस तिच्यात आणावे. लिहिण्यासारखे काय आहे, हा प्रश्न मग फार दिवस टिकत नाही.