मर्ढेकरांची लय आणि वारली चौक

बा. सी. मर्ढेकर (१९०९-१९५६) यांना आपण नवकवितेचे प्रवर्तक म्हणून ओळखतो. परंतु सर्व कलांचा एकत्र विचार करणारे अभ्यासक म्हणून त्यांची कामगिरी तेवढीच मोलाची आहे. १९३७ साली 'आर्ट्स अँड मॅन' हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. पुढे आकाशवाणीतील नोकरी सांभाळून त्यांनी कविता, कादंबऱ्या व संगीतिका लिहिल्या आणि १९५५ साली 'सौंदर्य आणि साहित्य' सिद्ध केले. या ग्रंथास १९५६ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

चित्र असो, गाणे असो वा कविता असो, सौंदर्य तिच्या लयबद्ध रचनेत असते आणि ती लय संवाद, विरोध व समतोल या तीन तत्त्वांवर उभी असते, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होय. चित्रकाराचे माध्यम रंग व रेषा, गायकाचे सूर, तर साहित्यिकाचे शब्दांतील भावनात्मक अर्थ. उपयुक्तता, नीती वा भक्ती यांचे माप सौंदर्याला लावू नये, असा त्यांचा आग्रह होता.

ही कसोटी आम्ही आशागडच्या परिसरात लावून पाहतो. वारल्यांच्या लग्नघरी सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. चौकटीच्या मध्यभागी पालघट देवी, भोवती झाडे, माणसे, जनावरे. त्रिकोण, वर्तुळ व रेषा यांतील संवाद-विरोध पाहावा, तर मर्ढेकरांचा सिद्धांत जणू या भिंतीसाठीच लिहिला आहे असे वाटते. ज्याला शिकलेली माणसे केवळ रूढी समजत, त्याला कला म्हणून पाहण्याची दृष्टी अशा विचाराने मिळते. हे ऋण लहान नव्हे.

तथापि येथेच आमचा मतभेद सुरू होतो. चौकाशिवाय वारल्यांचे लग्न लागत नाही. धवलेरीची गाणीही त्या विधीचाच भाग. डहाणू तालुक्यातीलच गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रशैली कागदावर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते निवर्तले. कागदावर लय टिकली, किंबहुना खुलली. लग्न मात्र भिंतीपाशीच राहिले. जे मागे राहिले, त्याचा हिशेब निव्वळ लयीच्या सिद्धांतात मांडता येत नाही.

आपल्याला हे उमजणे अवघड नाही. वेदीची प्रमाणबद्धता कोणताही जाणकार वाखाणील. परंतु वेदी उभी असते ती मिस्सासाठी. मर्ढेकरांनी आपल्याला पाहायला शिकवले. कशासमोर उभे राहून पाहतो आहोत, याचे भान मात्र आपणच राखले पाहिजे.