कर्ता हरवलेला अर्ज

केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२० साली ‘गति’ सुरू केली. ब्रिटनच्या ‘अथीना स्वॉन’च्या धर्तीवर संस्थांनी लिंगसमानतेबाबत स्वतःला तपासून अर्ज करायचा. अशा अर्जांची भाषा ठरलेली: ‘समिती स्थापन करण्यात आली’, ‘जागृती करण्यात आली’. कोणी केली, कोणी अडवली, पत्ता नाही.

शेजारी गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ठेवा. डहाणू-तलासरीच्या वेठबिगारीच्या या कथनात राबवून घेणारा जमीनदार आहे, १९४५ साली नकार देणारे वारलीही आहेत. इथे जागृती ‘करण्यात’ येत नाही; माणूस जागा होतो.

तलासरीच्या महाविद्यालयाला गोदावरीबाईंचं नाव आहे. तिथून असा अर्ज निघालाच, तर मुलींची टक्केवारी रकान्यात बसेल. पण प्रॅक्टिकल अर्धवट टाकून एसटी गाठणारी मुलगी आणि ते वेळापत्रक ठरवणारा, दोघंही वाक्यात यायला हवेत.